मदत हवी आहे: लूक 16:9, 'अन्यायाच्या धनाने मित्र जोडा' हे सभेत कसं समजवावं?

सर्वांना सलाम. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. आमच्याकडे चर्चची इमारत नाही, रविवारी एका घरच्या ओसरीत उपासना होते. पाळकसाहेबांकडे आजूबाजूच्या बऱ्याच मंडळ्या आहेत, त्यामुळे ते येऊ शकत नाहीत तेव्हा वचन वाचून दोन शब्द मी सांगते. सध्या लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय चालू आहे आणि नवव्या वचनाशी मी अडले आहे.

दाखला तुम्हाला माहीत आहे. कारभाऱ्याने मालकाचं धन उधळलं, नोकरी जाणार हे ठरलं. खणायची ताकद नाही, भीक मागायची लाज. मग तो मालकाच्या देणेकऱ्यांना एकेकाला बोलावतो. तेलाच्या चिठ्ठीवर शंभर मापांची पन्नास करायला लावतो, गव्हाच्या चिठ्ठीवर शंभराची ऐंशी. मालक त्याची वाखाणणी करतो आणि लगेच प्रभू म्हणतो, अन्यायाच्या धनाने मित्र जोडा, म्हणजे ते धन नाहीसं होईल तेव्हा ते मित्र तुम्हाला सार्वकालिक वस्तीत घेतील.

आमच्या सभेत एक दादा कृषी केंद्रावर दिवाणजी आहेत. उधारीची वही तेच सांभाळतात. त्यांनी सरळ विचारलं, "मालकाले बुडवणाऱ्याले प्रभू शाबासकी कायले देते? मंग आपन बी तसंच करावं काय?" बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी पेरणीला बियाणं-खत उधारीवर उचललेलं आहे. त्यामुळे हा प्रश्न नुसता पुस्तकातला राहिला नाही. मी पुढच्या रविवारी सांगते म्हणाले.

त्यात भर म्हणजे एका निवृत्त सिस्टरांकडे जुनं इंग्रजी किंग जेम्स बायबल आहे. त्यात 'तुम्ही सराल तेव्हा', म्हणजे तुमचं मरण येईल तेव्हा, असा अर्थ निघतो. माझ्या सुधारित मराठी प्रतीत धन नाहीसं होईल तेव्हा, असं आहे. त्या म्हणतात, सुधारताना वचनच बदलून टाकलं. हे वचन त्यांना तोंडपाठ आहे, म्हणून मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही, पण उत्तर द्यायचं आहे. कोणत्या वाचनाला धरून चालावं? आणि दिवाणजी दादांना काय सांगू?

प्रतिसाद

ताई, सलाम. आधी सिस्टरांचं. कोणी मनाने बदल केलेला नाही. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरकारांपुढे जो ग्रीक पाठ होता त्यात 'तुम्ही' असं अनेकवचन होतं. जास्त जुन्या ग्रीक हस्तलिखितांत एकवचन आहे, म्हणजे सरणारं आहे ते धन. इंग्रजी सुधारित नव्या कराराने 1881 मध्येच हा पाठ घेतला. मला हाच पटतो, कारण लूक 12:33 मध्येही न झिजणाऱ्या थैल्यांबद्दल हेच बोलणं आहे. पण माणूस मरतो तेव्हा त्याचं धन त्याच्यापुरतं सरतंच, म्हणून सिस्टरांच्या वाचनाने उपदेश उलटा होत नाही. हे त्यांना जरूर सांगा.

आता आकडे बघा. ऐंशीवर वीस म्हणजे पाव. ही आपली सवाईच झाली की! पेरणीला ऐंशी पायल्या न्या, सुगीला शंभर घाला. तेलाचं तर थेट दुप्पट. मोशेच्या नियमशास्त्रात आपल्या बांधवाकडून व्याज घ्यायला मनाई आहे (निर्गम 22:25, लेवीय 25:36-37). मग चिठ्ठीवर मुद्दल आणि व्याज मिळून एकच आकडा लिहिला की व्याज दिसतच नाही. डंकन डेरेट या अभ्यासकाने 1961 मध्ये हा अर्थ मांडला. हिंदू कायद्याचाही त्यांचा मोठा अभ्यास होता. या अर्थाने कारभाऱ्याने मालकाचं मुद्दल बुडवलं नाही, घ्यायलाच नको होतं ते सोडलं. मालकालाही चारचौघांत तक्रार करता येईना. काहींच्या मते कमी केलेला भाग कारभाऱ्याची स्वतःची दलाली होती.

पण हे दाखल्यात उघड लिहिलेलं नाही, म्हणून सभेत 'असंही समजतात' एवढंच म्हणा. आठवं वचन त्याला अन्यायीच म्हणतं. वाखाणणी आहे ती वेळ ओळखून हातपाय हलवण्याची.

दिवाणजींसाठी खरं उत्तर अकराव्या वचनात आहे. याच अन्यायाच्या धनाविषयी विश्वासू राहा, असं प्रभू तिथे सांगतो. वहीत फेरफार करायची मुभा असती तर हे वचन तिथे आलंच नसतं. आणि मित्र कोण, हे त्याच अध्यायात पुढे दिसतं: श्रीमंताच्या दारात लाजर नावाचा गरीब पडलेला होता. त्याला मित्र करायला धन हाताशी होतं, तेव्हा श्रीमंताने केलं नाही.

धागाकर्ती

दादा, फार आभार. अकरावं वचन मी कितीदा वाचलं, पण नवव्याला जोडून पाहिलं नव्हतं. सवाई म्हटल्यावर ओसरीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही लगेच उमजेल. एवढंच अजून सांगा: मित्रांनी 'सार्वकालिक वस्तीत घ्यावे' यावरून दानधर्माने तारण मिळतं असं कोणी म्हणालं तर?

प्रतिसाद

तेराव्या वचनापर्यंत वाचूनच थांबा, ताई. देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही, तिथे बोलणं पोचतं. दानाने तारण विकत मिळत नाही. आपण कोणाची चाकरी करतो ते मात्र हातातल्या पैशाच्या वापरावरून दिसतं. दाखला आठव्या वचनाशी तोडू नका, सलग वाचा.