प्रति सरकार कशावर तगलं: घराघरातल्या भाकरीवर की खजिन्याच्या लुटीवर?

येरळाकाठ

सातारच्या प्रति सरकारचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर चाललेल्या भूमिगत सरकारचा, विषय निघाला की दोन घटना हमखास सांगितल्या जातात. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वेगाडी, आणि १४ एप्रिल १९४४ ला धुळे भागात चिमठाण्याजवळ लुटलेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना. ज्यांनी हे केलं त्यांच्यापुढे मान झुकलेलीच आहे. पण या दोन लुटींमुळे चळवळ चार वर्षं तगली, असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला मान्य नाही. पैसा मागाहून आला. चळवळ जगली ती गावातल्या चुलींवर, आणि त्या चुलींची व्यवस्था नीट समजून घेतल्याशिवाय तुफान सेना, म्हणजे प्रति सरकारचं लढाऊ दल, समजत नाही.

आधी हिशेब बघा. वीस जणांचं पथक, दोन वेळचं जेवण, माणशी वेळेला तीन भाकरी. रोजच्या १२० भाकरी झाल्या. जोंधळ्याच्या एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ धरलं तर रोजचं १२ किलो, महिन्याला साडेतीन क्विंटलच्या वर. पाच माणसांचं शेतकरी घर वर्षाला सात-आठ क्विंटल धान्य खातं. म्हणजे एक पथक दोन महिन्यांत एका घराची वर्षाची बेगमी फस्त करतं. कितीही मोठा वाडा असो, एका घराला हे झेपणारं नाही.

आणि धान्य असलं तरी १२० भाकरी एका चुलीवर होत नाहीत. एका भाकरीला थापून, शेकून, फुगवून अडीच-तीन मिनिटं जातात. पाच-सहा तास चूल पेटती राहणार, धूर निघणार आणि वास शेजारपाजारी जाणार. गावात पोलीस पाटील असतो, त्याची माणसं असतात. म्हणून काम दहा घरांत वाटलं जायचं. घरटी बारा भाकरी जास्त. त्याला अर्धा तास पुरतो, आणि पाहुणा आलाय म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

साठा करून ठेवावा तर जोंधळ्याचं पीठ टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याची विरी (चिकटपणा) जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना मोडते. त्यामुळे डोंगरात पिठाची पोती लपवण्यात अर्थ नव्हता. धान्य ज्याच्या त्याच्या कणगीत राहिलं आणि पहाटेच्या जात्यावर रोजच्या दळणात चार मुठी जास्त पडल्या. पहाटे घरोघर जातं फिरतच असायचं, त्यात जास्तीचं दळण कोणाच्या कानाला वेगळं लागत नाही. तेच जातं रात्री अकराला फिरलं तर मात्र कुत्रीसुद्धा उठतात.

ही व्यवस्था बायकांनी चालवली. हौसाताई पाटील, कासेगावच्या इंदुताई पाटणकर अशी काही नावं नोंदली गेली, बाकी शेकडो घरांतली नावं कुठेच नाहीत. खजिना लुटणाऱ्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते.

वारणाखोरे

भाकरीचा हिशेब चोख आहे, त्यावर वाद नाही. पण भाकरीने माणूस जगतो, सेना उभी राहत नाही. पैशाला तुम्ही फारच हलक्यात काढलंय.

गावात जे पिकत नाही त्याची यादी करा. काडतुसं, बंदुकी, औषधं, पत्रकांसाठी कागद आणि शाई, रॉकेल, बॅटरीचे सेल, पायताणं. युद्धाच्या काळात यातल्या निम्म्या वस्तू नियंत्रणाखाली होत्या, त्या मिळायच्या काळ्या बाजारात आणि रोखीने. हत्यारं पोर्तुगीज गोव्यातून विकत आणली गेली. विकणारा कोणी देशभक्त नव्हता, त्याला पैसे मोजून हवे होते. शिवाय जे भूमिगत झाले त्यांच्या मागे घरं होती. कर्ता पुरुष चार वर्षं घरी नाही, सरकारने जप्ती आणलेली, पेरणीला बी नाही. पकडलेल्यांचे खटले, वकील, जामीन. हे सगळं मूठभर पिठातून भागत नाही.

काडतुसांचंच घ्या. पोलिसांकडून हिसकावलेली हत्यारं एका जातीची नसायची. थ्री-नॉट-थ्री रायफल वेगळी आणि पोलिसांची पॉइंट फोर-टेन मस्केट वेगळी. बाहेरून दिसायला भावंडं, पण एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. बारा बोअर तिसरीच. म्हणजे दहा हत्यारं असलेल्या पथकाला तीन प्रकारचा दारूगोळा सांभाळावा लागणार, आणि ज्या जातीचं संपलं ती बंदूक काठीच्या मोलाची. त्या काळातल्या बारा बोअरच्या काडतुसाचं कवच कागदाचं. आमच्या शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडे, जूनपासून जी झड लागते त्यात ते कवच दमट होऊन फुगतं आणि नळीत बसतच नाही. मेणकापडात गुंडाळून, चुलीच्या वर माळ्यावर ठेवावं तर कसंबसं टिकतं. ठासणीच्या बंदुकीची दारू तर पावसाळ्यात भरवशाचीच नाही. म्हणजे दर पावसाळ्यानंतर माल बदलायचा, आणि त्याला पुन्हा पैसा.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरला प्रति सरकारचे किसन अहिर आणि नानकसिंग पडले. समोर शस्त्रसज्ज पोलीस होते. तिथे भाकरी कमी पडली म्हणून ते पडले नाहीत.

येरळाकाठ

मणदूरच्या हुतात्म्यांबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण लुटीचा पैसा वापरायला वाटतो तितका सोपा नसतो, हे तुमच्या हिशेबात आलेलं नाही.

चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हजार रुपये नाण्यांत घेतले तर पावणेबारा किलो भरतात. लाखभर रुपये म्हणजे अकराशे किलोच्या वर. असं ओझं घेऊन धुळ्याहून साताऱ्यापर्यंत कोणी चालत येत नाही. म्हणून नोटा हव्यात. खजिन्यातल्या नोटा कोऱ्या असल्या तर त्यांचे क्रमांक ओळीने असतात, आणि ते सरकारकडे नोंदलेले. शंभराची कोरी नोट १९४४ साली तासगावच्या बाजारात मोडायला काढली की काढणारा उघडा पडलाच. त्या काळात शेतमजुराच्या हातात रुपया-दोन रुपयांपलीकडे काही नसायचं. मोठ्या नोटा दडवून ठेवाव्यात तर जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा चलनातून बादच केल्या. लुटीतला पैसा बाजारात फिरवायलाच परत गावातली विश्वासाची माणसं लागतात: व्यापारी, अडत्या, सोनार. म्हणजे फिरून आपण माणसांवरच आलो.

यवतेश्वर

दोघांचं वाचून एक वेगळा मुद्दा मांडतो. सातारा जिल्ह्याने परक्या सत्तेशी असा लढा याआधीही दिलाय आणि तिथली रसद भाकरी-खजिना अशा दोन कप्प्यांत बसत नाही. तिथे गड हे कोठार होतं.

८ डिसेंबर १६९९ ला औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी अजिंक्यतारा साडेचार महिने झुंजवला, आणि त्याला कारण म्हणजे गडावरची तळी आणि धान्याचे अंबारखाने. १३ एप्रिल १७०० ला मोगलांचा सुरुंग उलटला आणि त्यांचीच माणसं गाडली गेली. २१ एप्रिलला गड दिला तो राजाराम महाराज गेल्यानंतर. कोठार पक्कं असेल तर मूठभर शिबंदी एवढ्या मोठ्या फौजेला खिळवून ठेवते. प्रति सरकारकडे असा एकही आधार नव्हता, म्हणून त्यांना घरोघर अवलंबून राहावं लागलं. ती त्यांची अडचण होती. येरळाकाठ तिला धोरण म्हणतायत.

येरळाकाठ

यवतेश्वर, त्याच युद्धाची दुसरी बाजू घ्या. गड एकामागून एक गेलेच. साताऱ्यापाठोपाठ जूनमध्ये सज्जनगडही गेला. गेले नाहीत ते मैदानात फिरणारे. संताजी-धनाजींनी बादशहाच्या रसदेवर घाव घातला. दहा हजार घोड्यांना रोज तीन किलो हरभरा किंवा कुळीथ धरला तरी तीनशे क्विंटल दाणा होतो. बंजाऱ्यांचा एक बैल सव्वाशे किलो नेतो असं धरा, तर नुसत्या दाण्यासाठी रोज अडीचशे बैल छावणीत पोहोचायला हवेत. वैरण त्यात धरलेली नाही, माणसांचं पोट तर नाहीच. तांडे अडवले की एवढं मोठं लष्कर जागच्या जागी उपाशी बसतं. दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाचं तेच झालं. गढीत कोंडून उपासमार केली आणि मग खंडणी ठरली. सज्जनगड घेतल्यावर परतताना पावसाने मोगली छावणीची जी दैना केली, ती माणदेशात खवासपूरला माणगंगेच्या पुराने पुरी केली. मोठं कोठार आणि मोठी छावणी हीच शत्रूची दुखरी जागा होती. मग ती आपण आपल्यासाठी का निर्माण करायची?

माणदेशी माती

कोठाराचा विषय निघालाच आहे तर पेवाबद्दल लिहायला हवं, कारण पेवात धान्य दडवून सेना पोसली असं पुष्कळ जण बिनधास्त ठोकून देतात. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं सगळ्यांना ठाऊक आहेत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. धान्याचं पेवही त्याच तत्त्वाचं: जमिनीत खोल खड्डा, तळाला आणि कडेला कडब्याचं किंवा पाचटाचं अस्तर, वर तोंड लिंपून बंद. बंद आहे तोवर वर्षानुवर्षं टिकतं, कारण आत हवा नाही आणि किडा जगत नाही. पण तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा मारक असते, पेव काही तास मोकळं ठेवावं लागतं, कंदील सोडून तो विझत नाही ना हे बघावं लागतं. आणि एकदा उघडलं की सगळं काढावं लागतं, नाहीतर ओल धरते, टोके होतात. पेव फुटलं की अख्ख्या गावाला कळतं. रोज रात्री येऊन दोन पायल्या काढायची ती जागाच नव्हे. त्यासाठी कणगी किंवा भिंतीतलं बळद बरं. या बाबतीत येरळाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत.

पण त्यांच्या मांडणीत ऋतू कुठेच नाही, आणि खरी मेख तिथे आहे. पूर्व भागात, आटपाडी-खानापूर-जत पट्ट्यात, शाळू निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यानंतर कणगी भरलेली, पण रान उघडं. एप्रिल-मेमध्ये मैलभरावरून माणूस दिसतो, ओढे कोरडे, पाण्याला विहिरीवर यावंच लागतं आणि विहिरी मोजक्या. पोलिसांनी चार विहिरींवर माणसं बसवली की काम झालं. उलट श्रावण-भाद्रपदात बाजरी डोक्याएवढी, लपायला जागाच जागा, पण घरात दाणा तळाला गेलेला. बाजरी हाताशी येईपर्यंत घरच्या पोरांनाच पुरत नाही, तिथे पथकाला काय देणार? दडण आणि दाणा दोन्ही एकत्र असतात ते साधारण मार्गशीर्ष-पौषात: बाजरी घरात, शाळू उभा, हुरडा सुरू. पथक बारमाही ठेवायचं तर उरलेल्या महिन्यांची सोय वेगळी करावी लागते. त्यात युद्धकाळात धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची सरकारी वसुली, आली. सरकारी माणूस कणगी मोजून गेला की चार मुठी जास्तीच्या कुठून येणार?

वारणाखोरे

माणदेशी माती यांनी माझं काम सोपं केलं. श्रावण-भाद्रपदात दाणा नाही म्हणजे तो विकत घ्यावा लागणार, तोही चढ्या भावाने, लेव्हीच्या नजरेआडून. त्याला रोकड लागते. गावांवर सामुदायिक दंड बसवले गेले तेव्हाही चुलींवरचा भार वाढला आणि हातातला पैसा आटला. बाहेरून पैसा आला नसता तर याच चुलींनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात टेकले असते. लोक वाईट म्हणून नव्हे, मडकं रिकामं म्हणून. खजिना लुटण्यामागे गावावरचं ओझं कमी करण्याचा विचार होता, असंच मी मानतो.

यवतेश्वर

संस्थानी हद्दींचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. कुंडल औंध संस्थानात, आटपाडीही औंधात, मधे ब्रिटिश मुलूख, पलीकडे सांगली, मिरज, जत. औंध संस्थान सलग नव्हतंच, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. रात्रीच्या एका चालीत माणूस दोन-तीन सत्तांच्या हद्दी ओलांडतो. ब्रिटिश पोलिसाला दर वेळी परवानगी आणि पत्रव्यवहार. औंधात संस्थानिक पंतप्रतिनिधींनी १९३९ पासून गावाच्या हाती कारभार दिलेला, तिथली वागणूक तुलनेने सौम्य. लेव्ही, जप्ती, सामुदायिक दंड यांचा जाच हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखा नव्हता. मला गडाची उणीव वाटत होती, तिची जागा बऱ्याच अंशी या तुटक हद्दींनी भरून काढली, एवढं आता मान्य करतो. फक्त तो भूगोलाचा आणि राजकारणाचा योग होता. कुठल्याही जिल्ह्यात उचलून नेता येईल अशी ती पद्धत नव्हे.

येरळाकाठ

ऋतूचा मुद्दा डावलला होता, तो बरोबर आहे. मात्र त्यावरचा उपाय पैसा हाच होता असं नाही. पथकं छोटी ठेवली, एका गावात दोन रात्रींच्या वर राहिली नाहीत, टंचाईच्या महिन्यात माणसं पांगवून आपापल्या पाहुण्यांकडे पाठवली. वीसचे पाच-पाच झाले की गावावर रोज तीस भाकरींचाच भार पडतो, तीन-चार घरांत भागतो. भाद्रपदात मोठ्या मोहिमा काढायच्याच नाहीत हे शहाणपण मराठी फौजेला आधीपासून होतं, पावसाळा सरल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन.

आणि लोक देत का राहिले, हा प्रश्न वारणाखोरे यांनी बाजूलाच ठेवला. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी सावकाराच्या घशातली जमीन परत मिळवून दिली, बांधाचे तंटे एका बैठकीत मिटवले, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, गांधी पद्धतीची लग्नं लावून बापाच्या डोक्यावरचं कर्ज वाचवलं. एका लग्नाचं कर्ज वाचलं तर त्या घराच्या कणगीत वर्षभर बारा भाकरींचं पीठ निघतं. मी पुरवठा म्हणतो तो हा.

वारणाखोरे

न्यायदान मंडळांबद्दल शंभर टक्के. पण पाच-पाच जणांत पांगलेल्या पथकाला मोठं काम करायचं तर पुन्हा एकत्र आणावं लागतं, निरोप्ये लागतात, गोळा झालेल्यांना तीन-चार दिवस एका जागी खाऊ घालावं लागतं. शेणोलीसारख्या कामाआधी हेच लागलं असणार. चार दिवस चाळीस माणसं म्हणजे ९६० भाकरी. त्या एका गावावर टाकायच्या, की आठ गावांतून टोपल्या फिरवायच्या? टोपल्या फिरवल्या तर वाटेवर आठ माणसं दिसणार. दशम्या करून आधीच पाठवाव्यात तर त्याला दूध हवं, आणि त्याही चार दिवसांच्या वर नीट राहत नाहीत. याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.