‘फ्लोरा’ला मराठीत काय म्हणावे : वनस्पती, जंतू की जीवाणू?

मूळ प्रश्न
प्रतिजैविके घेणाऱ्या रुग्णांसाठी तयार होत असलेल्या एका माहितीपत्रकाचे भाषांतर मी सध्या तपासत आहे. त्यात ‘इंटेस्टायनल फ्लोरा’साठी, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी, चक्क ‘आतड्यातील उपयुक्त वनस्पती’ असे लिहिलेले आढळले. ते खोडून मी ‘उपयुक्त जंतू’ केले, तर घरातल्याच एका वाचकाने विचारले, ‘जंत उपयुक्त असतील, तर मग जंतांचे औषध कशाला देतात?’ त्याच पत्रकात पुढे ‘प्रोबायोटिक’ही (उपयुक्त जिवंत सूक्ष्मजीव असलेले औषध किंवा पदार्थ) आले आहे. दोन्हींसाठी कृपया शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १
भाषांतरकाराला फार हसू नये. जीवाणूंची गणना एके काळी वनस्पतींतच होत असे आणि ‘फ्लोरा’ हा शब्द त्या काळाचा अवशेष आहे. आता शास्त्रज्ञ ‘मायक्रोबायोटा’ म्हणणे पसंत करतात. त्याला ‘सूक्ष्मजीवसमूह’ म्हणावे, कारण आतड्यात जीवाणूंच्या जोडीला बुरशी आणि विषाणूही नांदत असतात.

प्रतिसाद २
‘जंतू’ला हद्दपार करण्याचे कारण मला कळत नाही. संस्कृतात जन्तू म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव, आणि ‘जीवजंतू’ म्हणताना आजही आपल्या मनात वैर नसते. ‘जीवाणू’ हा मात्र घडवलेला शब्द आहे. त्यातल्या ‘अणू’ने शाळेतल्या मुलांचा किती गोंधळ होतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

प्रतिसाद ३
व्युत्पत्ती मान्य, पण वाचक व्युत्पत्ती वाचत नाही. ‘जंतुनाशक’ आणि ‘जंतुसंसर्ग’ या दोन शब्दांनी जंतूची बदनामी पुरती करून ठेवली आहे. ज्याला मारायचे असते तो जंतू, हा अर्थ आता रुजला आहे. आतड्यातले हे रहिवासी तर आपल्याला न पचणाऱ्या तंतूंवर गुजराण करतात आणि त्यांपासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात; मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्या ब्युटिरेटमधूनच मिळवतात. यासाठी ‘सहभोजी’ हा शब्द मला आवडतो. अशा जीवांसाठी इंग्रजीत असलेल्या ‘कॉमेन्सल’ या शब्दाचा लॅटिनमधला अर्थही एकाच मेजावर जेवणारे असाच आहे.

प्रतिसाद ४
सहभोजी म्हणजे यजमानाचे भले किंवा बुरे न करता जेवून जाणारा. हे तर नुसते जेवत नाहीत, स्वयंपाकही करतात. ‘के’ जीवनसत्त्वाचा काही भाग त्यांच्याच हातचा असतो. म्हणून ‘सहजीवी जीवाणू’ किंवा सरळ ‘मित्रजीवाणू’ म्हणावे. २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी त्याच्या स्वतःच्या आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. ‘जीवाणू दहापट’ हे जुने वाक्य त्या पत्रकात असल्यास तेही खोडावे.

प्रतिसाद ३
‘मित्र’ नको. थिओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला ई. कोलाय हा जीवाणू आतड्यात बहुधा निरुपद्रवी असतो, पण तोच मूत्रमार्गात शिरला की संसर्ग घडवतो. ज्याची मैत्री पत्ता बदलला की संपते, त्याला मित्र कसे म्हणायचे?

प्रतिसाद ५
‘प्रोबायोटिक’साठी ‘प्रजैविक’ हा नेटका शब्द आहे. ‘प्रतिजैविक’ची जोडी आपोआप जमते.

मूळ प्रश्नकर्ता
जोडी जमते हीच माझी अडचण आहे. दोन शब्दांत फक्त एका ‘ति’चा फरक आहे आणि कामे जवळजवळ उलट आहेत. प्रतिजैविके रोगकारक जीवाणूंबरोबर आतड्यातले उपयोगी जीवाणूही मारतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा उपद्रवी जीवाणू फोफावून तीव्र जुलाब होऊ शकतात. त्या पत्रकातला हाच सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आहे. बारीक टायपात एक ‘ति’ गळला, तर वाचक नेमके उलटे समजेल. ‘जीवाणूपूरक’ कसा वाटतो?

प्रतिसाद २
समासात ‘णु’ ऱ्हस्व हवा : जीवाणुपूरक. आणि पत्रकातल्या ‘आतड्यातील’वर अनुस्वार का नाही? आतडी दोन असतात.

प्रतिसाद १
बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात असतात, लहान आतड्यात त्यांची संख्या त्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे येथे एकवचनच अचूक आहे.

प्रतिसाद २
फारच कमी म्हणजे शून्य नव्हे. अनुस्वार हवाच.

प्रतिसाद ५
सरळ ‘प्रोबायोटिक’ लिहा. औषधाच्या वेष्टनावर तेच असते आणि रुग्ण तेच मागतो. ‘डॉक्टर’ला आपण प्रतिशब्द शोधत बसलो का?

प्रतिसाद २
‘वैद्य’ होताच की.

मूळ प्रश्नकर्ता
पत्रक उद्या छपाईला जाणार आहे. ‘वनस्पती’ खोडली, ‘जंतू’ही खोडले, ‘प्रोबायोटिक’ तूर्त तसेच ठेवले आहे. खोडलेल्या जागी ‘सूक्ष्मजीवसमूह’ लिहून पाहिले, तर शब्द ओळीत मावत नाही. ‘आतड्यातील’वर मात्र कोणीतरी पेन्सिलीने अनुस्वार देऊन ठेवला आहे.