मदत हवी आहे: कोळसा खाणीची रेती प्लास्टरला चालेल का?

नमस्कार मंडळी. कामठीजवळ आईवडिलांचं घर बांधतोय. स्लॅब झाला, जुडाई आणि प्लास्टर बाकी आहे. नदीची रेती परवडत नाही, आणि कन्हान नदीचं पात्र पाहिल्यावर ती घ्यावीशीही वाटत नाही. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) भानेगाव, गोंडेगावच्या खाणींवर कोळशावरची माती-दगड, म्हणजे ओव्हरबर्डन, धुऊन रेती काढली. नागपूर सुधार प्रन्यासच्या घरकुलांनाही ती दिली गेली. खाणीशेजारचे ते ढिगारे असे कामी यावेत, असं मला मनापासून वाटतं.

अशाच रेतीचा नमुना काचेच्या बरणीत पाणी घालून रात्रभर ठेवला. खाली पिवळसर, स्वच्छ रेती बसली. वर गाळाचा पातळ थर, आणि त्यात कोळशाचे बारीक काळे कण. अडचण तिथेच आहे. आयएस ३८३ (काँक्रीटच्या रेती-गिट्टीचं भारतीय मानक) प्रमाणे रेतीत कोळसा वजनाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त नको. हे घरी कसं मोजणार? मिस्त्री म्हणतो, सिमेंट वाढवू. मला ते पटत नाही, त्याने भेगाच जास्त पडतील.

कुणी ही रेती प्लास्टरला वापरली आहे का? काळे डाग किंवा फुगवटे आले? नागपुरात घरमालकाला कोळसा आणि सल्फेट क्षारांची तपासणी कुठे करून मिळते? दोन-तीन पावसाळे झेललेल्या भिंतीचे फोटो असतील तर कृपया टाका.