चर्चमधला ऑर्गन नाटक कंपनीचा आहे का, कसं शोधायचं?

चरईकर:
ठाण्यात आमच्या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन आहे. मराठी उपासनेला मीच वाजवतो. (ना. वा. टिळकांची भजनं कीबोर्डवर तशी बसत नाहीत, पण तो वाद वेगळा.) जुनी मंडळी सांगतात, "हा नाटकवाल्यांचा." कुठले नाटकवाले, कधी आला, काही पत्ता नाही. सामानाच्या यादीत "ऑर्गन, जुना, १" एवढंच.

परवा भाता शिवायला मागची फळी काढली. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात "ना. मं." आणि खाली "नग ७". त्याआधीची अक्षरं खरवडलेली. तळाशी रेल्वे पार्सलच्या चिठ्ठीचा तुकडा, त्यावर इंग्रजीत "एम. अँड एस. एम." दोन्ही अंगांना उचलायला लोखंडी कड्या. मेकरचं नाव पॉलिशवाल्याने घासून टाकलंय. आमच्या एका काकांनी लगेच जाहीर केलं, बालगंधर्वांचा! मला पुरावा हवाय.

पेटीवाला खारघर:
काकांना नमस्कार सांगा. बालगंधर्वांचे म्हणून जेवढे ऑर्गन दाखवतात, तेवढे न्यायला गंधर्व मंडळीला स्वतंत्र मालगाडी लागली असती. "ना. मं." म्हणजे नाटक मंडळी, ते किर्लोस्करांचंही होऊ शकतं, आणखी कुणाचंही.

आधी पाठ बघा. चर्चसाठी बनवलेल्या ऑर्गनची पाठही घडीव असते, कारण वाजवणारा लोकांकडे तोंड करून बसतो. घरगुती ऑर्गन भिंतीला लागायचा, त्याला मागे साधी फळी आणि वर आरसा-फडताळांचं देवघर. नाटकात साथीदाराला नटाचं तोंड दिसायलाच हवं, म्हणजे ते देवघर आधी उतरवणार. वरच्या फळीवर बुजवलेली भोकं आहेत का?

मेकरचं नाव गेलं तरी नंबर सापडतो. पट्ट्या उचलून पहिल्या-शेवटच्या पट्टीच्या कडेला आणि रीडच्या खणांपाशी पेन्सिलीचे आकडे शोधा. एस्टी या अमेरिकन कंपनीचा निघाला (ब्रॅटलबरो, व्हरमाँट, पाच लाखांवर ऑर्गन बनवले त्यांनी) तर नंबरावरून साल काढता येतं. मालक मात्र नाही. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर थिएटर ऑर्गनचं बरं असतं, ओपस नंबरावरून (कंपनीच्या अनुक्रमांकावरून) तो मुळात कुठल्या थिएटरात बसवला तेही कळतं.

मीटरगेज वाशी:
एम. अँड एस. एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १९०८ ते १९५१. पुणे-मिरज-बेळगाव लाइन तिचीच. ठाणं जी.आय.पी.वर (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), त्यामुळे हे पार्सल थेट ठाण्याचं नसेल, दौऱ्यातलं असेल. पण नुसत्या चिठ्ठीवर जाऊ नका. मिरजेला मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आहे आणि मिशनवाल्यांकडेही ऑर्गन असायचे. खरा पुरावा "ना. मं." आणि "नग ७". कुठला मिशनरी आपल्या ऑर्गनवर तसं लिहील?

काळाचा अंदाज हवा तर बोलपटांपासून धरा. अमेरिकेत १९२७ नंतर मूकपटांच्या थिएटरांतले मोठाले पाइप ऑर्गन बिनकामाचे झाले, त्यातले बरेच चर्चमध्ये गेले. आपल्याकडे १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांची वाताहत सुरू झाली. तुमचा ऑर्गन त्यानंतर स्वस्तात विकला गेला असणार, असं माझं मत.

चरईकर:
पाठ साधी फळीच आहे. आणि वर चार भोकं, पुट्टी भरून बुजवलेली! आजवर मी त्यावर भजनांची वही ठेवत होतो.

पेटीवाला खारघर:
मग घरगुतीच, आणि देवघर उतरवलेला. आता दिवे मालवून टॉर्च फळीला आडवा धरा, खरवडलेल्या अक्षरांच्या कडा दिसतात. त्या उजेडातच फोटो काढा.

मीटरगेज वाशी:
आणि चर्चच्या १९३२ नंतरच्या जमाखर्चाच्या वह्या मागा. ऑर्गन देणगीत आला असेल तर किंमत सापडणार नाही. हमाली आणि गाडीभाड्याच्या नोंदी बघा, ते पैसे कुठलाही खजिनदार लिहिल्याशिवाय सोडत नाही.

चरईकर:
वह्या पाळकसाहेबांच्या कपाटात आहेत, रविवारी मागतो. फळी तोवर लावत नाही. टॉर्चचे फोटो आज रात्री टाकतो.