७५ लाखांत वन बीएचके: कासारवडवलीचा नवा की घणसोलीचा जुना? खिशातून नक्की किती जातात?

नवा_मुसाफिर
दोन पर्याय आहेत. एक, कासारवडवलीला बांधकाम चालू असलेला वन बीएचके, ॲग्रीमेंट ७५ लाख, ताबा तीन वर्षांनी. दुसरा, घणसोलीत सोळा वर्षं जुन्या सोसायटीत, मालक ७० लाख सांगतो, त्यातले १० 'रोख'. हाताशी २२ लाख. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १५ हजार, भाडं २४ हजार, दुसरं कर्ज नाही. बिल्डरचा माणूस म्हणतो, '२० टक्के तुमचे, बाकी बँक'. म्हणजे १५ लाख भरून ७ लाख उरतात, बरोबर? शिवाय घणसोलीतच एक एजंट तेवढाच फ्लॅट ३८ लाखांत दाखवतोय. तो एवढा स्वस्त कसा?

बेलापूर_लोकल
उरत नाहीत, उलट कमी पडतात. बँक ७५ लाखांचे ८० टक्के देते, म्हणजे ६० लाख. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीत धरत नाहीत, ती खिशातून. ठाण्यात ड्युटी ७ टक्के, त्यात १ टक्का मेट्रो अधिभार आलाच. हिशोब असा:

स्वतःचा हिस्सा १५ लाख, ड्युटी ५ लाख २५ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी ३ लाख ७५ हजार. बेरीज २४ लाख ३० हजार. काही बँका जीएसटी धरून कर्ज काढून देतात, पण लेखी विचारल्याशिवाय ते गृहीत धरू नका. १ टक्का जीएसटी तुम्हाला लागू नाही, त्याला किंमत ४५ लाखांच्या आत लागते. कर्जाच्या नोटीस ऑफ इंटिमेशनवर (घर तारण ठेवल्याची सरकारी नोंद) पॉइंट तीन टक्के, म्हणजे १८ हजार. ताबा देताना पार्किंग, क्लब, दीड-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, हे सगळं वेगळं. बिल्डरकडून सहीची कॉस्ट शीट घ्या. तोंडी आकड्याला किंमत नाही.

खरा खड्डा मात्र त्या तीन वर्षांत आहे. बांधकामाच्या टप्प्याने कर्ज सुटत गेलं तर सरासरी निम्मं, म्हणजे ३० लाख बाहेर असतील. ८ टक्क्यांनी महिना २० हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. वर भाडं २४ हजार. तीन वर्षांत व्याज ७ लाख २० हजार, भाडं ८ लाख ६४ हजार. किंमत ७५ + ड्युटी, नोंदणी, जीएसटी ९.३० + व्याज आणि भाडं १५.८४. राहायला जाईपर्यंत एक कोटी होतात. भाडं तसंही जातच होतं म्हणाल, पण जुन्या घरात ते ताब्याच्या दिवशी थांबतं. शेवटच्या सहा महिन्यांत व्याज ३८ हजारांवर जातं, तेव्हा भाड्यासकट ६२ हजार महिन्याला लागतील. ताबा वर्षभर लांबला तर हेच ६२ आणखी बारा महिने.

पुढचा हप्ता २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी ५० हजार २००, दर ९ झाला तर ५४ हजार. तुमच्या पगारात बसतो, जेमतेम.

सेक्टर_पाच
घर बायकोच्या नावावर जोडीने घ्या, ड्युटीत १ टक्का वाचतो. ७५ हजार कमी नाहीत.

कागद_आधी
जोडीने नाही. सवलत फक्त खरेदीदार महिलाच असेल तर. नवऱ्याचं नाव शेजारी आलं की पूर्ण ७ टक्के. एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो, पण मालक नसल्याने त्याला आयकरात गृहकर्जाची सूट मागता येत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजाला सूट नाहीच, तेव्हा फारसं बिघडत नाही. महिलेला पंधरा वर्षं पुरुषाला घर विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली.

आता घणसोली. १० लाख रोख म्हणजे ॲग्रीमेंट ६० लाखांचं. बँक ६० चेच ८० टक्के देणार, ४८ लाख. तुमचे १२ अधिक १० रोख, म्हणजे २२ लाख इथेच संपले, ड्युटीला पैसा उरला नाही. सगळा व्यवहार चेकने केला तर हिस्सा १४ लाख. रोखीत ड्युटीचे ७० हजार वाचतात आणि खिशातून ८ लाख जास्त जातात. वर उद्या विकताना खरेदी किंमत ६० लाखच धरली जाईल आणि नफ्यावरचा कर तुमच्या माथी. मालकालाही सांगा: घराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. बरेच मालक एवढं ऐकून ६७-६८ पूर्ण चेकवर येतात.

दुसरा खाचखळगा मूल्यांकनाचा. ॲग्रीमेंट आणि बँकेचं मूल्यांकन यांतला कमी आकडा धरतात. ७० चं ॲग्रीमेंट आणि मूल्यांकन ६४ आलं तर कर्ज ५६ ऐवजी ५१ लाख २० हजार. ४ लाख ८० हजारांचं भोक टोकन दिल्यावर कळतं. म्हणून आधी बँकेचं मूल्यांकन, मग टोकन.

आणि फूट मोजून घ्या. घणसोलीत सांगतात ते बहुधा सुपर बिल्टअप (जिना, लॉबी धरून), कासारवडवलीला रेरा कायद्याचं कार्पेट (घराच्या आतलं). टेप नेऊन आतलं माप घ्या आणि दर त्यावर काढा.

खाडीपलीकडे
३८ लाखांचं उत्तर: गावठाणाला लागून 'गरजेपोटी' (प्रकल्पग्रस्त गावकऱ्यांनी वाढत्या कुटुंबासाठी म्हणून) बांधलेली इमारत असणार. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नाही, बहुधा बांधकाम परवानगीही नाही. राष्ट्रीयीकृत बँक तिथे उभी राहत नाही, एखादी वित्तसंस्था जास्त दराने देते. विकायला जाल तेव्हा गिऱ्हाईकही तसंच रोखीचं शोधावं लागतं.

एजंट घरपट्टीची पावती आणि वीजबिल नाचवेल. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही घरपट्टी घेते, त्याने इमारत अधिकृत होत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, हाही पुरावा नाही. नुसता रेरा नंबरही पुरत नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवूनच रेरा नंबर घेतले होते. प्रारंभ प्रमाणपत्राचा (बांधकाम सुरू करायच्या परवानगीचा) क्रमांक घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात ताडून पाहा. साडेबारा टक्के योजनेच्या (जमीन गेलेल्या गावकऱ्यांना सिडकोने दिलेल्या) प्लॉटवरच्या इमारती वेगळ्या. त्यांना सिडकोचा भाडेपट्टा आणि महापालिकेची परवानगी असते. दोन्ही प्रकार घणसोलीत पाचशे पावलांवर असतात, म्हणून गल्ली बघून ठरवू नका.

तुमच्या सोळा वर्षांच्या सोसायटीचंही भोगवटा प्रमाणपत्र उघडून बघा. पार्ट ओसी (इमारतीच्या काही भागापुरतंच) असेल तर तुमचा मजला त्यात आहे का?

नवा_मुसाफिर
आभार. रोख आणि ३८ लाख दोन्ही बाद. मग २२ लाखांत किती किमतीपर्यंत जावं? म्हाडाची लॉटरी भरायची का?

बेलापूर_लोकल
३ लाख बाजूला ठेवा, दोन-तीन हप्ते आणि शिफ्टिंगचे. उरले १९. जुन्या घराला २० टक्के हिस्सा, ७ टक्के ड्युटी, १ टक्का दलाली, म्हणजे २८ टक्के. नोंदणी ३० हजार आणि सोसायटीची हस्तांतरण फी, जी २५ हजारांवर मागता येत नाही. १९ वजा ५५ हजार, भागिले २८ टक्के. ६५-६६ लाख. हीच तुमची रेघ, मालकाशी बोलताना ६८ ला होकार देऊ नका.

नव्याला दलाली नाही पण जीएसटी आहे, ३२ टक्के. ताब्याच्या वेळचे २ लाख सोडले तर आकडा ५२ लाखांवर येतो. कासारवडवलीला ७५ म्हणूनच बसत नाही. मेट्रो ४ चा भाव त्या ७५ मध्ये आधीच घेतलेला आहे, आणि घोडबंदर पट्ट्यात मेंटेनन्स विचारताना टँकरचं बिल त्यात आहे का तेही विचारा.

लॉटरी: म्हाडाच्या कोकण मंडळाची २० टक्के योजनेतली (खासगी प्रकल्पांत राखीव) घरं अत्यल्प आणि अल्प गटाला, इकडे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत. नवरा-बायकोचं एकत्र धरतात, तुम्ही १३ लाखांच्या वर. प्रधानमंत्री आवासचं व्याज अनुदानही ९ लाखांपर्यंतच, आणि घर ३५ लाखांच्या आत हवं. दोन्ही सोडा.

कागद_आधी
टोकन द्यायच्या कागदात तीन ओळी घालून घ्या. मालकीच्या कागदांमुळे किंवा कमी मूल्यांकनामुळे कर्ज अडलं तर टोकन १५ दिवसांत परत. सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार, नाव घालून. मालकाचं कर्ज चालू असेल तर तुमची बँक थेट त्याच्या बँकेत भरणार, आणि मूळ कागद तुमच्या बँकेकडे येणार. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार.

पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे करार साखळीत हवेत. मधला एक मूळ करार हरवला असेल तर पोलिसात नोंद, वृत्तपत्रात नोटीस आणि प्रमाणित प्रत, हे मालकाने टोकनआधी करायचं.

किंमत ५० लाख किंवा वर असल्याने १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, मालकाच्या पैशातून, प्रत्येक हप्त्यावर. महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरला नाही तर रोज २०० रुपये. मालक परदेशात राहत असेल तर दर बराच वेगळा, तेव्हा सीए गाठा. मालक आयकराच्या दृष्टीने निवासी आहे की नाही, ते टोकनआधीच विचारा.