जुनी ऑटोमॅटिक गाडी: गार असताना डी (ड्राइव्ह) उशिरा पडतो, दुसऱ्यावरून तिसऱ्याला आरपीएम उसळतो

खडखड्या:
गाडी वीस वर्षांची, १,८०,००० किमी, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते ती) ऑटोमॅटिक. गार इंजिनवर पी (पार्क) मधून डी ला घेतलं की तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग धप्पकन गिअर बसतो. रिव्हर्स मात्र लगेच पडतो. दुसऱ्यावरून तिसरा पडताना आरपीएम २२०० वरून ३००० च्या वर जातो आणि परत खाली येतो. अर्ध्या तासाने दोन्ही त्रास जवळजवळ जातात. चेक लाइट नाही. एक मेकॅनिक म्हणतो ओव्हरहॉल (गिअरबॉक्स खोलून दुरुस्ती), दुसरा म्हणतो मशीनने फ्लश मारू, म्हणजे प्रेशरने जुनं ऑइल धुऊन काढू. कोणाचं ऐकू?

तेलकट_हात:
सध्या कोणाचंच नको. आधी एटीएफची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची) लेव्हल. १५-२० मिनिटं चालवून गाडी सपाटीवर उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, पी ला आणा आणि इंजिन चालू ठेवूनच ऑइल मोजायची काठी बघा. (काही गाड्यांत एन, म्हणजे न्यूट्रलमध्ये, काहींत इंजिन बंद करून लगेच बघायची असते. मॅन्युअल पाहाच.) इंजिन ऑइलसारखी सकाळी गार गाडीत काठी बघितली तर आकडा हमखास चुकतो.

मग काठी पांढऱ्या कागदावर पुसा. लालसर किंवा तपकिरी डाग पसरला तर ठीक. काळपट आणि करपल्याचा वास म्हणजे क्लच प्लेटा जळताहेत. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरतंय, गाडी पुढे चालवू नका.

प्लेट_नं_३:
फ्लशबद्दल: प्रेशरने सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो, आणि कडक झालेलं रबर सील नवीन ऑइलने मऊ होत नाही. त्यापेक्षा चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं पात्र) उतरवा, फिल्टर आणि गॅस्केट बदला. चेंबरमधून एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. निघालेलं मोजा, तेवढंच भरा, मग गरम करून काठीवर जुळवा. ग्रेड मॅन्युअलमधलाच. ‘सगळ्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा मी तरी टाकणार नाही.

चेंबरमधलं चुंबक आणि तळ जपून बघा. राखाडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट या वयात चालते. पितळी चमक म्हणजे बुश किंवा वॉशर, पोलादाचे तुकडे म्हणजे बेअरिंग किंवा गिअर, आणि मग खोलणं टळत नाही.

खडखड्या:
लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली होती, अर्धा लिटर गेलं. रंग तपकिरी, वास नाही. उसळी कमी झाली, डी चा उशीर तसाच. कुठे गळती दिसत नाही.

तेलकट_हात:
व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्सचं प्रेशर ठरवणारा भाग) असेल तर त्याची नळी काढून बघा. आत ऑइल मिळालं तर डायफ्रॅम फाटलाय आणि इंजिन एटीएफ पितंय, धूरही पांढरा येईल. मॉड्युलेटरऐवजी थ्रॉटल केबल असेल तर तिची सेटिंग तपासा. काही गिअरबॉक्समध्ये लाइन प्रेशर (क्लच दाबणाऱ्या ऑइलचं प्रेशर) याच केबलवर ठरतं, आणि ती ढिली असेल तर प्लेटा घसरून जळतात.

प्रेशर_गेज:
रिव्हर्स लगेच आणि डी उशिरा, इथेच बरंच कळतं. पंप किंवा फिल्टरचा दोष असता तर दोन्ही उशिरा पडले असते. खात्रीसाठी सकाळी स्टार्ट करून अर्धा मिनिट एन मध्ये ठेवा, मग डी घ्या. लगेच पडला तर रात्रभरात कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतंय. तरीही उशीरच असेल तर फॉरवर्ड क्लचच्या (डी मध्ये लागणाऱ्या क्लचच्या) पिस्टनचं सील धरा. गार असताना ते कडक असतं, बाजूने ऑइल सुटतं. तापलं की थोडं फुगून बसतं.

लाइन प्रेशरच्या टॅपला गेज लावून गार इंजिनवरच बघा. एन आणि आर (रिव्हर्स) मध्ये प्रेशर मॅन्युअलप्रमाणे, फक्त डी मध्ये पडतं, तर गळती फॉरवर्ड क्लचच्याच वाटेवर. तिन्हीकडे कमी असेल तर पंप किंवा रेग्युलेटर व्हॉल्व्ह.

स्टॉल टेस्टची (ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएम किती चढतो ते बघण्याची) घाई नको. केलीच तर गरम इंजिनवर, चारही चाकांना उटी (अडसर), हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, थ्रॉटल पाच सेकंदांच्या वर नाही. नंतर किमान एक मिनिट एन मध्ये थंड होऊ द्या. आरपीएम ठरलेल्यापेक्षा वर गेला तर लगेच पाय काढा, क्लच घसरतोय. खाली राहिला तर इंजिन कमकुवत, नाहीतर कन्व्हर्टरमधला स्टेटरचा (ऑइलचा प्रवाह वळवणाऱ्या चाकाचा) वन-वे क्लच गेलाय.

दोष सीलचाच निघाला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पण मग सगळ्या क्लचची सीलं एकदमच बदला. तिसऱ्याची उसळी बहुधा त्याच वयाच्या रबराची आहे.