चर्चा: चढावर डिझेल एसयूव्हीची ताकद गेली, की दोषी टर्बोच का?

सह्याद्रीचालक (धागालेखक)

घाटाच्या चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना टर्बो डिझेल एसयूव्ही एकाएकी ओढेनाशी होते, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, फेरे एका मर्यादेपुढे चढत नाहीत, आणि बाजूला थांबून चावी बंद-चालू केली की काही वेळ गाडी पूर्ववत पळते. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेल्यावर स्कॅनरवर पी०२९९ हा कोड निघतो आणि तेवढ्यावरून ‘टर्बो गेला’, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्रच बिघडले, असा निकाल दिला जातो. माझा आक्षेप या निकालाला आहे. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, मागितलेला हवेचा दाब प्रत्यक्षात मिळाला नाही, इतकेच हा कोड सांगतो. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप चिरलेला असू शकतो, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी तडकलेली असू शकते, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो किंवा काजळीने माखलेला सेन्सरच दाब चुकीचा मोजत असू शकतो. शिवाय जो टर्बो खरोखर मोडला, तो चावी फिरवून बरा कसा होईल?

म्हणून टर्बो उतरवण्याआधी गाडी चढावर न्यावी, शेजारी बसलेल्या माणसाने स्कॅनर सांभाळावा, आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) तसेच मागितलेले व मिळालेले रेल प्रेशर (सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब) एकत्र नोंदवावे. जागेवर रेस देऊन काही कळत नाही, कारण भार नसलेले इंजिन फारसा बूस्ट मागतच नाही. कॉमन रेल इंजिनात संथ चालीला सुमारे ३०० बार असलेले रेल प्रेशर पूर्ण भाराला १,६०० बारच्या आसपास किंवा त्याहून वर जावे लागते. बूस्टच्या आधी तेच कोसळत असेल, तर दोष डिझेल फिल्टर, टाकीतला पंप किंवा हाय प्रेशर पंप यांच्याकडे शोधावा. अशा वेळी बहुधा रेल प्रेशर अपुरे असल्याचा पी००८७ हा कोडही सापडतो.

डिझेलकाका

नोंद घेण्याला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. धागालेखकांना हवी असलेली नोंद सामान्य मालकाच्या हाती येतच नाही. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब दिसतो, पण मागितलेला दाब बहुतेक वेळा दिसत नाही. शिवाय त्या प्रमाणित वाचनाची कमाल मर्यादा २५५ किलोपास्कल असल्याने ज्या इंजिनाचा दाब त्याहून वर जातो, त्याचा आकडा तिथेच थबकतो आणि पाहणारा भलताच निष्कर्ष काढतो. त्याआधी बॉनेट उघडून हात आणि कान वापरावेत. पाइप फाटला असेल तर जोर देताना फुसकारा ऐकू येतो, सांध्यापाशी तेलकट काळा डाग असतो आणि मागून काळा धूर निघतो. व्हॅक्यूमची नळी बोटांनी वाकवली की तडा उघडा पडतो.

मात्र पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून टर्बोचे सील गेले असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातून, येणाऱ्या वाफांमुळे तेवढे तेल निरोगी इंजिनातही सापडते.

वर्कशॉपवाला

दोघेही टर्बोला फार लवकर निर्दोष सोडत आहेत. आजच्या बहुतेक डिझेल एसयूव्हींच्या टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला फिरती पाती असतात आणि काजळी साचल्यावर ती अडकतात. बंद बाजूला अडकली की दाब मर्यादेबाहेर जातो, पी०२३४ नोंदला जातो आणि ईसीयू इंजिनाला लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर, टाकते. उघड्या बाजूला अडकली की तुमचा पी०२९९ येतो. चावी फिरवल्यावर लिंप मोड सुटतो, काही गाड्यांत पातीही एकदा पूर्ण फिरवून पाहिली जातात, म्हणून ताकद परत येते. तेव्हा ‘चावीने बरा झाला म्हणजे टर्बो चांगला’ हा युक्तिवाद टिकत नाही.

पाती साफ करून देता येतात, हे मी नाकारत नाही. पण पात्यांची कडी झिजली असेल तर तोच ग्राहक तीच तक्रार घेऊन परत येतो, आणि तेव्हा तो आम्हालाच बोलतो. पूर्ण टर्बो बदलण्यामागे नेहमी लोभच असतो, असे मानू नये.

रोजचीवाट

आपण सारे हवा आत जाण्याबद्दलच बोलत आहात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतरच्या एसयूव्हीत धुराच्या वाटेवर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) बसलेला आहे, आणि तो तुंबला तर टर्बो कितीही धडधाकट असला तरी इंजिन गुदमरते. साचलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. रोज चार-पाच किलोमीटरचा शहरी प्रवास करणाऱ्या गाडीला ते क्वचितच मिळते. त्यामुळे गाडी कशी वापरली जाते, हा प्रश्न स्कॅनर लावण्याआधी विचारला पाहिजे. डीपीएफच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक मोजणारा सेन्सर तपासावा: इंजिन बंद असताना त्याने शून्य दाखवले नाही, तर सेन्सर किंवा त्याच्या नळ्या आधी पाहाव्यात.

सह्याद्रीचालक

पात्यांबद्दलची दुरुस्ती योग्य आहे. पण तिच्यातून निघते ते असे की पाती अडकतात हे दाखवून द्यावे, गृहीत धरू नये. व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर असेल तर हातपंप लावून दांडी अडखळल्याशिवाय सरकते का ते पाहता येते, आणि विजेवर चालणारा असेल तर कंपनीच्या स्कॅनरवरून हलवून पाहता येतो. डिझेलकाकांना सांगायचे तर स्वस्त स्कॅनरही एक उत्तम परीक्षा देतो. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून मॅनिफोल्डचा दाब वातावरणाच्या दाबाशी जुळतो का ते पाहावे. पुण्याच्या उंचीवर दोन्ही आकडे साधारण ९५ किलोपास्कलच्या जवळ असावेत. ते जुळत नसतील तर ईसीयूला मिळणारी माहितीच चुकीची आहे, आणि त्या माहितीवर टर्बो बदलणे हा ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय आहे.

डिझेलकाका

ही परीक्षा मान्य. तरीही पाइप आधी, कारण त्याला कोणतेच यंत्र लागत नाही. आणि वर्कशॉपवाल्यांना एवढेच विचारतो की टर्बो बदलताना त्याला तेल पुरवणारी नळी उघडून पाहिली होती का. ती जळलेल्या तेलाने आक्रसली असेल, तर नवा टर्बोही तेलाविना त्याच वाटेने जाईल, आणि त्या वेळी ग्राहक बोलला तर त्याचे काय चुकले?